अण्णांची प्रवाळं

साताऱ्यात बसून समुद्र पाळायचा म्हणजे खायचं काम नाही, पण मी पाळलाय. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यात जिवंत प्रवाळं. दिवाळीत नवा भारी एलईडी आणला आणि हौसेनं पहिल्याच दिवशी पूर्ण उजेड सोडला. चार दिवसांत जांभळी प्रवाळं पांढरीफटक पडायला लागली.

आमचे अण्णा म्हणजे वडील, फौजेतले निवृत्त सुभेदार. तोवर टाकीकडं ढुंकूनही बघत नव्हते. त्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, "डोस्कं हाय का न्हाई तुला? आमाला वर बर्फात धाडायच्या आदी सहा दिवस खालीच बसवून ठेवायचे. अंगाला सवय नको व्हय?"

तेव्हापासून टाकीचा ताबा अण्णांकडं. पहिला आठवडा उजेड वीस टक्के, वर जुन्या मच्छरदाणीचं कापड. पुढच्या आठवड्यात पंचवीस. मी म्हटलं, "अण्णा, जरा वाढवू का?" तर म्हणाले, "त्यास्नी काय एस्टी गाठायची हाय?"

खरंच, उन्हाळ्यापर्यंत रंग परतला. परवा अण्णा टाकीपुढं वाकून चक्क लाडानं म्हणत होते, "सावकाश, गड्यांनो. घाई न्हाई."

मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, मला पोहायला शिकवताना पाठीला साधा डबासुद्धा बांधला नव्हता. थेट विहिरीत ढकललं होतं तुम्ही. तेव्हा कुठं गेली होती ही सवय?"

अण्णांनी मच्छरदाणीची सुरकुती सरळ केली.

"ही इकत आणल्यात रं. तू घरचाच हुतास."