आधी कोपऱ्यात लावून बघतो

वर्षं लोटली, पण साथीच्या दिवसांत अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर ऐकलेला एका रंगाऱ्याचा आवाज अजून कानात आहे. आत त्याचा थोरला भाऊ श्वासासाठी झुंजत होता आणि शेजारी भावजय बसली होती.

"वहिनी, या नव्या औषधाला म्हणे एका रात्रीत परवानगी मिळाली. माझ्या दुकानाच्या पाटीला तीन वर्षं लागली!"

"पाटीवाचून कुणाचा श्वास अडला नव्हता, भाऊजी."

"आधी म्हणाले, साथ नाहीच. मग म्हणाले, आहे, पण घाबरू नका. आता म्हणतात, औषध घ्या, पण जबाबदारी तुमची. हे सरकार आहे की सरडा?"

"हळू बोला, आत ऐकू जाईल."

"अहो, मी भिंतीचा रंगसुद्धा आधी कोपऱ्यात लावून बघतो. यांना कोपरा म्हणून माझा दादाच सापडला?"

"भिंतच कोसळायला आली, तर कोपरा कुठला बघायचा?"

"ते काही नाही. डॉक्टर विचारायला आले की मी तोंडावर नाही म्हणणार. तुम्ही मध्ये पडू नका."

"ते येऊन गेले."

"कधी?"

"तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा. माझाही या सरकारवर काडीचा विश्वास नाही, भाऊजी. पण मी हो म्हणाले. औषध सुरू झालंय."