अण्णा काहीच विसरले नव्हते

वडीलधाऱ्या मंडळींनो, सोसायटीतल्या शेजाऱ्यांनो, लोणावळ्याहून आलेल्या अण्णांच्या जुन्या गिऱ्हाइकांनो, आणि आई,

तुम्ही सगळे आलात. मला नीट बोलता येईल असं वाटत नाही. मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

माझ्या आधी दोघे बोलले. दोघांनीही माझं कौतुक केलं. शेवटच्या वर्षात अण्णांना विसरायला व्हायचं, पण मुलानं किती जपलं, असं म्हणाले. ते ऐकून मला खुर्चीत बसवेना. हे कौतुक मला घेता येत नाही. का, ते आज सांगतो. आई, तूही हे पहिल्यांदाच ऐकणार आहेस.

माझ्या वडिलांनी लोणावळ्यात चाळीस वर्षं केस कापले, दाढ्या केल्या. दुकान बंद करून ते इथं तळेगावात आमच्याकडे आले, तेव्हा बरोबर दोनच वस्तू आणल्या. एक जुना वस्तरा आणि एक चामड्याचा पट्टा. दाढीआधी त्या पट्ट्यावर वस्तरा ओढून पाजळायचा. तो पट्टा त्यांच्या वडिलांचा होता.

दर रविवारी ते पवनानगरला जायचे. लोकलनं कामशेत, तिथून जीप. तिथं त्यांचा लहानपणचा मित्र कोंडीबा. त्याचं अर्धं अंग लुळं पडलेलं. त्याची दाढी अण्णाच करायचे. आणि आठवड्यात एखाद्या सकाळी आपल्या गेटजवळच्या बाकावर वॉचमनची करायचे. दोघांचं हसणं वरपर्यंत ऐकू यायचं.

एक दिवस लिफ्टमध्ये कुणीतरी मला म्हणालं, "काय साहेब, खाली सलून उघडलं वाटतं!" गमतीनंच म्हणालं. पण मी नुकताच मॅनेजर झालो होतो. मला लाज वाटली. बापाच्या कामाची लाज वाटली. आईला मी सांगितलं की अण्णांचा हात थरथरतो, कुणाला कापेल. खोटं होतं ते. अण्णांचा हात कधीच थरथरला नाही.

मी तो पट्टा उचलला आणि कंपनीतल्या माझ्या लॉकरमध्ये ठेवला. वाटलं, पट्टा नसला की वस्तरा बोथट होईल, आणि हे आपोआप थांबेल.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "आरं, माझा पट्टा कुटं दिसला का?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हीच कुठं तरी ठेवला असेल."

त्यांनी कपाट उपसलं, पलंगाखाली पाहिलं. चार दिवस शोधत होते. मी पाहत होतो.

मग ते दुसरा पट्टा करायला बसले. आधी घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर वस्तरा ओढून पाहिला. मग माझा कमरेचा पट्टा मागितला. दोनदा ओढला, तर त्याचे पापुद्रे निघाले. हसले. "बाळा, हे चामडं न्हाई, रेक्झिन हाय." शेवटी म्हणाले, "तुजी एखादी जुनी जीन पँट दे." मी दिली. एवढंच नाही, मी ती स्वतः कापली. फळीवर ताणून सरसानं चिकटवायला त्यांच्याबरोबर बसलो. कापड कुठं सैल राहू नये म्हणून ते बोटानं दाबून पाहायचे. मला दाखवत होते, "वस्तऱ्याची पाठ पुढं ठेवायची, धार मागं. उलटं केलं की कापडच कापतं." तीन दिवस खपले. मग हातावरचा केस त्या वस्तऱ्यानं अलगद उडवून दाखवला, आणि एवढे खूश झाले!

खरा पट्टा कुठं आहे ते मला ठाऊक होतं. आणि मी त्यांच्याबरोबर हसत होतो.

तेव्हाच सांगितलं असतं तर? रागावले असते, दोन दिवस जेवले नसते. संपलं असतं. पण मी सांगितलं नाही, आणि मग ते वेगळंच काही तरी बोलायला लागले. "जन्मभर जपलेली वस्तू कुटं ठेवली ते आठवंना. माजं डोकं गेलं आता." चष्मा सापडला नाही की तेच. एखाद्याचं नाव पटकन आठवलं नाही की तेच. डॉक्टरांनाही त्यांनी पहिलं हेच सांगितलं. आईनं त्यांच्या खिशात आमच्या फोन नंबरची चिठ्ठी ठेवली. तुम्ही सगळे त्यांच्याशी सावकाश, मोठ्यानं बोलायला लागलात. तुमची चूक नाही. मीच तसं सांगितलं होतं.

आणि त्यांनी पवनानगरला जाणं सोडलं. "एकटा न्हाई जात. उतरायचं कुटं तेच इसरलो तर?"

मी म्हणालो, मी नेतो. वर्षभरात किती वेळा नेलं? तीनदा. फक्त तीनदा.

तिसऱ्या वेळी त्या जीनच्या फळीवर पाजळलेल्या वस्तऱ्यानं त्यांनी कोंडीबाआबांची दाढी केली. एक ओरखडा नाही. परत येताना गाडीत सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. पवना नदी मागं पडली, मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "तू हायस म्हणून बरं रं. माज्यासारख्या इसराळू माणसाचं काय झालं असतं?"

मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्याच महिन्यात, सकाळी चहा घेता घेता अण्णा गेले. कोंडीबाआबांना मी फोन केला. ते म्हणाले, "रविवारी येईना, तवा मला वाटलं, मला इसरला त्यो."

उद्या मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांच्यासमोर बसून हेच सगळं सांगणार आहे. ते काय म्हणतील, ठाऊक नाही. आई, तू काय म्हणशील, तेही ठाऊक नाही. म्हणशील ते ऐकेन.

तुमच्याकडून मला माफी नको. एकच करा. घरी गेल्यावर अण्णांचा विषय निघेल, तेव्हा त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता असं म्हणू नका. त्या माणसाला शेवटपर्यंत सगळं आठवत होतं.

आता उभे राहू या. आई, तू बसूनच राहा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

अण्णा, चूक तुमची नव्हती. माझी होती. नमस्कार करतो.