बेटावर दुसरा माणूस

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे बत्तीवाले काका, रडायचं नाही असं ठरवून पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, आणि जमलेल्या सर्व बंधू-भगिनींनो,

भाषणाची मला सवय नाही. त्यात मी बोलता बोलता मधेच थांबतो. विसरलो असं समजू नका. बेटावर धुकं उतरलं की दीपस्तंभाचा भोंगा वाजतो, आणि तो थांबेपर्यंत तोंड मिटून बसावं लागतं. तीच खोड लागलीये. काका-काकूंचं भांडण तर ऐकण्यासारखं. "तुम्ही कधी माझं..." भोंगा. "...ऐकलंय का?" पुन्हा भोंगा. शेवटी काकूच म्हणायच्या, "जाऊ द्या, चहा घ्या." असं भांडण पुरं व्हायचं कसं?

आपली बत्ती पणजोबांच्याही आधीची. तिचा इतिहास पाहुण्यांनी सांगितलाच, मी काय वेगळं सांगणार? मी काकांच्या हाताखाली बत्तीवर आलो पोट भरायला, घरापासून लांब. एका जागी टिकणारा मी नव्हे. भरतीचं पाणी किनाऱ्याकडच्या वाटेवर चढलं, की कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं व्हायचं. एकदा काकांना विचारलं, "तुम्हाला एकटं नाही वाटत?"

बत्तीची काच पुसत म्हणाले, "वाटतं की. रोज वाटतं."

"मग साहेबांना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? करमत नाही म्हणून अर्ज करू?" आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

काका आज निवृत्त झाले, उद्यापासून काका-काकू लेकीकडे राहणार. बेटावर मी एकटा. अध्यक्षसाहेबांनी विचारलंय, एकट्याने राहशील का, आजच सांग. वर टीव्हीही देतो म्हणाले. उपकार आहेत, साहेब. पण टीव्ही काही मला "ताट वाढलंय, ये रे" म्हणणार नाही.

तेव्हा काकांनी जे कधी सांगितलं नाही, ते मी सगळ्यांदेखत सांगतो. तिथे एकटं वाटतं. फार वाटतं. मला दुसरा माणूस द्या. भांडखोर असला तरी चालेल. तो येईपर्यंत बत्ती मी सांभाळतो. कुणी येणारच नसेल, तर मात्र माझ्याही निरोपाची तयारी ठेवा.

हॉल देणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, तुम्हा सगळ्यांचे आभार. मी शिकलेला नाही. काही कमी-जास्त बोललो असेन तर लहान समजून पोटात घाला. वाट बुडायच्या आत पोचायचंय, म्हणून जेवायला थांबत नाही. आणि काका, मला पोचवायला येऊ नका. आजवर त्या वाटेने आपण बरोबरच चालत गेलो. तुम्ही काठावर उभे राहिलात, तर माझा पाय पुढे पडायचा नाही.