भाव न करणारी गिऱ्हाइकं

दीपाली : किंजल, हात जोडते तुला. आत गेल्यावर पाकिस्तानचं नाव तेवढं काढू नकोस.

किंजल : अगं वहिनी, कॉलेजसाठी एकाहत्तरच्या लढाईच्या आठवणी रेकॉर्ड करायला आलेय मी. पाकिस्तान सोडून काय विचारू, पापलेटचा भाव?

दीपाली : काहीही विचार. भावेशची बोट तिकडच्यांनी धरली, आपला मुलगा तिथल्या जेलात आहे, हे आईंना माहीत नाही. त्यांच्या छातीचं दुखणं तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसता कामा नये.

किंजल : मग भावेशदादा कुठे आहे असं सांगितलंय त्यांना?

दीपाली : पोरबंदरला. शेठ सुट्टी देत नाही, फोन बिघडलाय, रेंज नाही... होळीपासून रोज नवीन थाप. माझ्या तोंडाला फेस आलाय आता.

गोजराबाई : काय गो कुजबुजताय दारात? मुलाखत माझी हाय का हिची?

दीपाली : आलो, आई!

(किंजल मोबाइल चटईवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू करते.)

किंजल : आजी, आधी नाव आणि गाव सांगा.

गोजराबाई : गोजराबाई, सातपाटीची. अख्खा पालघरचा बाजार वळखतो मला, तुझ्या मोबाइललाच ठावं नाय वाटते!

किंजल : लढाई झाली तेव्हा केवढ्या होता तुम्ही?

गोजराबाई : चौदा-पंधराची असेन. काळोख, बाय, नुसता काळोख! चुलीचा जाळ दिसला तरी लोकं वरडत यायची, इजवा, इजवा, वरून इमानं बघतील. आमी पोरं हसायचो. लपाछपी वाटायची आमाला.

किंजल : आणि बोटी?

दीपाली : आई, चहा ठेवू?

गोजराबाई : आत्ताच पिले ना गो! तर बोटी. बंदरावर दिवा लावायचा नाय. माझा बा दर्यात होता. रातीचा परत येत होता, खाडीचं तोंडच दिसलं नाय त्याला. बोट खडकावर आपटली. बा दांडी गावच्या किनाऱ्याला लागला, मेलेला.

किंजल : अरे देवा! तुम्हाला कोणी कळवलं?

गोजराबाई : मला? मला कोण कळवणार! मी तापानं फणफणलेली. वैद्य बोलला, पोरगी धसका घेऊन मरेल. मग आय न काकानं ठरवलं, गोजरीला सांगायचं नाय. बा मुंबईला कामाला गेलाय, बस. आयनं बांगड्यासुद्धा फोडल्या नाय माझ्यापायी. रोज कुंकू लावायची.

दीपाली : पुरे आता, आई. दमलात तुम्ही.

गोजराबाई : बोलते मी, घाम तुला का सुटलाय? पंखा मोठा कर जरा.

किंजल : मग कळलं कसं तुम्हाला?

गोजराबाई : गिऱ्हाइकांनी सांगितलं. तोंडानं नाय हां. बरी झाले न टोपली घेऊन बाजारात बसले. आमची गिऱ्हाइकं कशी, ठावं हाय ना? वाट्यावर दोन बोंबील जास्ती मागतील, उलटेपालटे करतील, रुसून जातील, फिरून येतील. त्या दिशी कोणी भावच करेना! मी बोलेन ते पैसे टाकायचे, माझ्या तोंडाकडं बघायचं नाय, न चालू पडायचं. टोपली घडीभरात रिकामी. मी काय खूश! न घरी येताना वाटेतच टोपली खाली ठेवली. म्हटलं, कोळणीशी कोणी भांडत नाय मंजे काय? आपल्या घरात कोणीतरी गेलंय.

किंजल : आईला विचारलंत?

गोजराबाई : नाय. ती माझ्यासाठी कुंकू लावते, मग मी तिच्यासाठी गप. एका चुलीपाशी जेवायचो दोघी, न दोघी गप. लई वाईट दिस होते, पोरी. तसे दुष्मनाला नको.

दीपाली : किंजल, बंद कर ते.

गोजराबाई : चालू ठेव! दीपाली, हितं बस माझ्यासमोर. होळी झाल्यापासून बाजारात माझ्याशी कोणी भाव करत नाय.

दीपाली : आई...

गोजराबाई : ती बँकेतली बाई, पापलेटाच्या कल्ल्यात बोट घातल्याबिगर घेत नाय कधी, ती परवा डोळे पुसत गेली. तुला इचारलं नाय मी. तुझ्या गळ्यात मंगळसूत्र हाय, पण माझ्या आयच्याबी होतं. आता सांगून टाक. माझा भावेश कुठल्या किनाऱ्याला लागला?

दीपाली : आई, असं नका हो बोलू! जिवंत आहे तो! बोट हद्दीपलीकडे गेली म्हणून त्यांच्या लोकांनी धरली. पाकिस्तानात आहे, जेलात.

गोजराबाई : खोटं. परत थापा मारतेस.

किंजल : नाही, आजी. पेपरात आलंय, त्याच्या नावासकट. मी स्वतः वाचलंय.

गोजराबाई : जेलात?

दीपाली : जेलात.

गोजराबाई : जित्ता हाय?

दीपाली : जित्ता आहे, आई. तुमची शप्पथ.

गोजराबाई : अगो भवाने, मग सांगायचं ना मला! मी इकडं त्याच्या नावानं... देवा रे! जेलात हाय माझा पोर! मेले, एवढी चांगली बातमी लपवून ठेवलीस?

दीपाली : तुमच्या छातीची भीती वाटली हो. रडू नका ना, आई. डॉक्टर काय म्हणाले होते?

किंजल : आजी, बंद करू का हे?

गोजराबाई : तुझं तू बघ, बाय. मला रडू दे. इतके दिस चोरून रडले, आज घरात बसून रडू दे.