कॅमेऱ्याला झेंडूची माळ

न्हाय, पण मी म्हंतो, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झेंडूची माळ कोण घालतंय का?... आमच्या आईनं घातली! तुमास्नी सांगतो, वडगावात आमचे साडीचे माग, आमच्या वडलांनी, आप्पांनी, उभ्या जन्मात काढलेल्या काठा-पदराच्या नक्ष्या सगळ्या कॉम्प्युटरात भरलेल्या, आणि शेजारचा भरमा? आमची साडी मागावरनं उतरायच्या आत त्याच्या मागावर तीच नक्षी! म्हणून तर कॅमेरा बसवला! कॅमेरेवाला नागराज आला, भिंतीची चाळण केली, नक्ष्यांची नक्कल एका हार्ड डिस्कात भरून दिली. "ही डबी हितं ठेवू नका, दुसऱ्या घरात ठेवा. मग काळजी करू नका अण्णा, सगळं शाबूत हाय!" मी डबी सांबऱ्याला, आक्काच्या कपाटात नेऊन ठिवली. लई शाना मी!

आणि आली खंडेनवमी. आमची आई, बायाक्का, कंबरेवर हात ठिवून उभी! "मागाची पूजा, कात्रीची पूजा, आणि तुझ्या आप्पाचा जीव ज्या डबीत हाय, ती परक्याच्या घरात बिनपूजेची ऱ्हायची व्हय रं?" परक्याच्या? अगं, तुझ्याच लेकीचं घर की ते! पण आईपुढं बोलतंय कोण... आणली डबी. मांडली कॉम्प्युटरला खेटून, वर हळद-कुंकू. आणि कॅमेरा? "त्यो बी राबतोयच की!" घातली माळ.

मी दाराला तोरण बांधाय गेलतो, आत येऊन बघतोय तर नारळाचं पाणी! कॉम्प्युटर थबथबलेला, डबी थबथबलेली... कुणी वतलं? आई म्हणती, "मी दोन थेंब शिंपडलं नुसतं!" बायको पूर्णिमा म्हणती, "मी तर चुलीपाशी हुते!" म्हटलं, थांबा, आता कॅमेराच सांगंल! मोबाईलवर लावला... झेंडू. सकाळपास्नं नुसता झेंडू! आणि त्यावर एक मुंगी. मुंगी मात्र काय दिसती हो, मिशा मोजून घ्याव्या!

नागराजला बोलवलं. त्यानं डबी उघडली, हुंगली, डोकं खाजवलं. "काळजी करू नका अण्णा... कॅमेरा शाबूत हाय."

"आणि नक्ष्या रं?"

"त्या गेल्या."

आप्पा गेले तवा कारखान्यात उभा राह्यलो, मागावर त्यांची नक्षी उमटताना बघितली, म्हटलं हाईत की हितंच... आता ते बी न्हाय. रडलो, तुमास्नी खोटं कशाला सांगू.

तवर पूर्णिमा हळूच म्हणती, "अवं... भरमाभावजींकडं असतील की सगळ्या."

काय करता? ज्याच्यापायी कॅमेरा लावला, त्याच्याच दारात जाऊन उभा राह्यलो, मान खाली घालून. भरमानं खुर्ची दिली, चहा सांगितला, कॉम्प्युटर चालू केला आणि छातीवर हात ठिवून म्हणतोय, "आप्पांची एक नक्षी सोडली न्हाय मी! काळजी करू नका अण्णा... सगळं शाबूत हाय!"