धुळीतलं माहेर

माझा जन्म ईट गावचा. वडलांची कोरडवाहू जमीन, आमी चौघी भैणी, म्या थोरली, म्हणून शाळा लवकरच सुटली. लगीन झालं ते खडी क्रशरवरल्या माणसाशी. क्रशर म्हंजी डोंगराचा दगड फोडून खडी करायचं मशीन, भूमच्या अलीकडं माळावर हाय. मालकानं मशीनच्या पाठीमागंच पत्र्याची खोली दिली, भाडं न्हाय, लाईट हाय, नळ दारात, राखणीचं काम बी ह्यांनाच. मला वाटलं नशीब उघडलं. काय सांगू तुम्हाला, नवी नवरी म्या, सकाळी घर झाडलं, भांडी घासली आन् दुपारी बघते तर सगळ्यावर पांढरं पीठ. म्या म्हणलं, कुणी सांडलं हे. हे हसले, म्हणले, हितं असंच असतंय.

मंग सवयच झाली. पिठावर ओलं फडकं टाकून भाकरी थापायची, कापडं घरात वाळवायची, वारं कोणत्या अंगाचं हाय ते बघून खिडकी उघडायची. संगतीची बिऱ्हाडं एकेक करून गेली, कुणी भूमला, कुणी डोंगराच्या पल्याड वस्तीवर, लांबनं कामाला येत पण लेकरं तिकडं ठिवत. आमी ऱ्हायलो. फुकटची खोली कशी सोडायची, म्हणून ऱ्हायलो. रेखा, माझी एकुलती एक लेक, तिथंच वाढली, आन् खोकतच वाढली. म्या चारचौघांत म्हणायची, पोरीची छातीच नाजूक.

तिला दिली धाराशिवला, जावई एसटीच्या वर्कशॉपमधी. तिला दिस गेले, सातव्या म्हैन्यात ओटीभरणाला गेले आन् म्हणलं, आता घेऊन जाते लेकीला, पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय. ईहीणबाई बाई चांगली, मला आत सैपाकघरात नेलं, हात धरला, म्हणली, ईहीणबाई राग मानू नका, पण पोरगी पाठवत न्हाय. आमच्याकडं आल्यापास्नं तिचा खोकला गेला बघा, औषध न्हाय, काय न्हाय. डॉक्टर म्हणतेत धुळीपासून लांब ठिवा. तुमीच हितं या. म्या व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार. खाली फरशीकडं बघत बसले, फरशी लख्ख हुती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली, जन्मात कधी घेतली न्हाय, आन् खोली धुवायला काढली. भिंतीला चुना लावला, पत्र्याच्या फटीत चिंध्या कोंबल्या, खिडकीला ओलं गोणपाट बांधलं. मला म्हणले, आता बोलीव पोरीला, आता काय म्हणतेत बघू. दुसऱ्या सकाळी मशीन सुरू झालं. दुपारपतोर गोणपाट पांढरं, उतरंड पांढरी, तुळस पांढरी. हे जेवायला आले ते दारात उभे ऱ्हाऊन बघत हुते, मंग टोपी घालून परत कामाला गेले.

म्या धाराशिवला गेले. लेकीच्या सासरी ऱ्हाऊन लेकीचं बाळंतपण. त्यांचंच पीठ, त्यांचंच तेल, त्यांच्याच ताटात जेवायचं. शेजारणी इचारायच्या, माहेरी का न्हाय नेली हो? माझं तोंड उघडायच्या आधीच ईहीणबाई म्हणायच्या, माझी कंबर धरलीय, म्याच बोलावून घेतलं त्यांना. कंबर चांगली धडधाकट हुती तिची. तिनं असं झाकलं की मला आनखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

नात झाली. हे बघायला आले, एसटी स्टँडच्या नळावर हातपाय धुऊन आले, तरी कानाच्या पाळीत धूळ बसलेली. रेखानं लेकरू पुढं केलं, तर हे मागं सरकले, म्हणले, ऱ्हाऊ दे, लांबनं दिसतंय मला. आन् मला बाहेर बोलावून म्हणले, भूमला बाजाराच्या मागल्या अंगाला खोली बघितलीय.

आता तिथंच ऱ्हातो. राखणीचं काम गेलं, भाडं लागतंय, हे सायकलवर क्रशरला जात्यात, आल्यावर कापडं बाहेरच झटकत्यात. दिवाळीला रेखा नातीला घेऊन आली, चार दिवस ऱ्हायली, एकदा बी खोकली न्हाय. लोक म्हणतेत, बरं केलं खोली सोडली. मला मान वर करून व्हय म्हणवत न्हाय. ईहीणबाईनं नको म्हणलं तवा आमाला वाऱ्याची दिशा कळली. माझीच लेक रातंदिस खोकत हुती, तवा का कळली न्हाय?

त्या पत्र्याच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आलंय, लांबच्या मुलखाचं, पाळण्यातलं लेकरू हाय. म्या ह्यांना म्हणलं, त्यांना सांगा, आमच्या बोळात एक खोली रिकामी हाय. सांगितलं ह्यांनी. तो बाप्या म्हणला, एवढं साल जाऊ द्या. देव त्या लेकराला सुखी ठिवो.