बेचाळीस काचा आणि माझं हळदीकुंकू

सन्माननीय अध्यक्ष पोपटराव, स्टेजवरचे हेडमास्तर आणि पाहुणे, समोरच्या सगळ्या आयाबाया, आणि फॅनखालची जागा धरून बसलेले बाप्ये, कवठ्याच्या अनसाबाईचा सगळ्यांना नमस्कार. माझी नात सुषमा परवा जर्मनीला चालली, म्हणून हा निरोप. मला सही येते, पुढचं येत न्हाई. तरी दोन शब्द बोला म्हणालात, तर ऐका.

पोपटराव, मघाशी तुम्ही म्हणालात, पोरीनं कांद्याचा रोग घालवला. कुणी सांगितलं तुम्हाला? सकाळी माझ्या वाफ्यात या, रोग तिथंच हाय. हार घातला म्हंजी काम झालं का?

तिचं काम मी सांगते. कांद्याच्या पातीवर मेण असतं. औषध मारलं की थेंब घरंगळून खाली. निम्मा पंप आपण मातीलाच पाजतो. थेंब आणि पात जिथं टेकतात, तिथं ही पोर एक मऊ थर बसवायला बघते, थेंब धरून राहावा म्हणून. किती जाड? एका केसाचे उभे चाळीस हजार पापुद्रे काढा, त्यातला एक. आधी काचेच्या पट्टीवर जमवायचा, मग पातीवर. पुण्याच्या लॅबमधी पहिलं वर्ष थर फाटका यायचा, दुसऱ्या वर्षी गोळे धरायचा. मी म्हणायची, बाई, तेवढ्यात वीस गोधड्या झाल्या असत्या.

तिसऱ्या वर्षी बेचाळीस काचा जमल्या. ताज्या पातीशी ताडून बघायला पेटी घेऊन ती घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आम्ही खुरपी, पंप, लोकर कातरायची कातर, सगळं पाटावर मांडलं. मग पोरीचीच अवजारं का उपाशी ठेवायची? मी पेटी उघडली, एकेक काच पदरानं पुसली आणि बेचाळीसच्या बेचाळीस काचांना हळदीकुंकू लावलं.

ती न्हाऊन आली, बघितलं आणि उंबऱ्यातच बसली. मी म्हणाले, काचाच तर हायेत, धुऊन देते.

"आजी, पदर लागला तवाच थर गेला," ती म्हणाली. "धुवायला काय उरलंय?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. तिनं नुसत्या काचा मोजून पेटीत भरल्या.

जर्मनीचं बोलावणं त्या काचांवरच अडलेलं. शिरूरच्या इंटरनेट कॅफेत जाऊन तिनं कळवलं, अजून वर्ष लागेल. इकडे तिचा बाप, माझा संपत, म्हणाला, सव्विसावं लागलं, आता पुरे. भांडगावचं स्थळ घेऊनच आला. मी पाहुण्यांसमोरच त्याला सांगितलं, "संपत, ते वर्ष मी खाल्लं. तिच्या वयात धरू नको." पाहुणे चहा पिऊन गेले.

मग सगळं पहिल्यापासून. आता काचेवर थर बसतो, पातीवर न्हाई. पात डोलते, वाढते, थराला भेगा पडतात. तेच जमवायला ती चालली. जमेल का, तिलाही ठाऊक न्हाई. तवा सुट्टीला आली की "काय शोधलंस?" म्हणून कुणी विचारू नका. माझी जीभ वळवळते, पण मीसुद्धा विचारत न्हाई.

हेडमास्तरांनी हॉल दिला, तुम्ही कामधंदा सोडून आलात, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते म्हातारी म्हणून पोटात घाला. सुषमा, तू मात्र घालू नकोस. त्या काचांचं माझं चुकलं, असं मी आजवर म्हणाले न्हाई, ते आज चारचौघांत म्हणते. माफ करायचं ते पातीवर थर बसल्यावर कर. तोवर मला जगणं भाग हाय.